ससा, स्नेह आणि आपले ताट

पोटभर जेवूनही माणूस उपाशी राहू शकतो. सशाच्या मांसाची कथा हेच सांगते.

युरोपात ससा परसदारी पाळण्याची प्रथा जुनी आहे. गवत आणि भाजीपाल्याची देठे यांवर तो वाढतो. मादी सुमारे 31 दिवसांत विते. त्यामुळे फ्रान्स, स्पेन, माल्टा येथील साध्या घरांनाही हे मांस परवडले. त्यात प्रथिने विपुल, चरबी मात्र अल्प. चरकसंहितेनेही त्याला लघू व रूक्ष म्हटले आहे. हा रूक्षपणा त्या त्या स्वयंपाकघराने आपापल्या परीने भरून काढला. फ्रान्समध्ये मोहरीच्या रश्शात साय पडते, व्हॅलेन्सियाच्या पाएयात सशासोबत तांदूळ आणि ऑलिव्ह तेल असते, तर माल्टात सशाचा रस्सा पावाबरोबर खातात.

उत्तर कॅनडाच्या हिवाळ्यात मात्र केवळ रानससेच हाती लागले, की माणसे कितीही खाऊन अतृप्त राहत. अतिसार, डोकेदुखी, ग्लानी यांनी खंगत जात. या अवस्थेला ‘ससा-उपासमार’ असे नाव पडले. संशोधक-प्रवासी स्टेफान्सन यांनी 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आरंभी केवळ चरबीविरहित मांस खाल्ले. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ आणि अतिसार सुरू झाला. आहारात चरबी येताच ते सावरले.

याचे कारण यकृतात आहे. प्रथिनांचे ज्वलन होताना अमोनिया निर्माण होतो. यकृत त्याचे युरिया करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. यकृताच्या या कामाला मर्यादा आहे. म्हणून शरीराची सारी ऊर्जा एकट्या प्रथिनांतून भागवता येत नाही. स्निग्ध पदार्थ किंवा धान्य यांची जोड लागतेच.

आपल्या घरच्या जेवणात ही टोकाची अवस्था येत नाही. तथापि व्यायामशाळेत जाणारा तुमचा मुलगा भात, पोळी, तूप सारे वर्ज्य करून अंड्यातील पांढरा भाग, चरबी काढलेली कोंबडी आणि प्रथिनांची भुकटी यांवरच राहू लागला, तर त्याच्या ताटाकडे लक्ष द्या. सतत थकवा, मळमळ, न शमणारी भूक दिसल्यास भुकटीचा आणखी एक चमचा वाढवू नका. आधी डॉक्टरांना भेटा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर सल्ल्यावाचून प्रथिने वाढवूच नयेत.

वरण-भातावर चमचाभर तूप घालणाऱ्या आजीला युरियाचे रसायन ठाऊक नसेल, पण तिचे ताट पूर्ण होते.