घट खिडकीकडे का झुकला?



शेवगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. लग्नानंतरचे पहिलेच नवरात्र. देवघर माजघरात, उजेड काय तो उजव्या हाताच्या लहानशा खिडकीचा. पाचव्या माळेपर्यंत गव्हाचे धान छान उगवले, पण सगळे खिडकीकडे कलले. देवीकडे पाठ फिरवल्यासारखे! झाले, दर्शनाला आलेल्या शेजारणीने सासूबाईंच्या देखत शेरा मारला, "नव्या सुनेच्या हातचं दिसतंय." पोरीने विचारले आहे, "ताई, माझं काय चुकलं?"

काही चुकलं नाही गं बाई. गहू दुसरं काही करूच शकत नव्हता.

हीच शंका १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी तपासली. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनी इवलीशी टोपी घातली, तर कोंब वळेना. टोपी काढली की वळे. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतो तो खालचा भाग! मग शेंड्याचा निरोप खाली नेतं कोण? ते १९२६ साली हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी दाखवलं, आणि तेही आपल्या चायनाग्रासवर. ओटच्या कोंबांचे शेंडे कापून त्यांनी चायनाग्रासच्या वडीवर ठेवले. नंतर त्या वडीचा तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबाच्या एकाच कडेला ठेवला. काळोखातसुद्धा कोंब दुसऱ्या बाजूला वाकला! वडीत उतरलेल्या त्या रसाला ऑक्झिन म्हणतात. ते वनस्पतीचं संप्रेरक. उजेड एका बाजूने आला की ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, ती बाजू भराभर लांबते, उजेडाकडची मागे राहते. शिवणात एक पट्टी लांब नि एक तोकडी झाली की कापड कसं वळतं, तसंच.

समोर नंदादीप तेवत असताना खिडकीच का? कारण कोंबाला वळवतो तो मुख्यतः निळा उजेड, आणि ज्योतीत तो फारच थोडा.

गंमत पाहा, पिवळ्या धानाला कुणी नावं ठेवत नाही. सोन्यासारखं आलं म्हणून कौतुकच! पण तेही उजेड कमी पडल्याचंच लक्षण. उजेडावाचून हिरवा रंग धरत नाही आणि कोंब मात्र उंच, नाजूक होत जातो. उंचीच्या या कामात जिबरेलिन नावाचं दुसरं संप्रेरक असतं. द्राक्षाचे मणी लांबट व्हावेत म्हणून बागाईतदार फवारतात, तेच हे.

घट एकदा बसला की हलवायचा नाही, तेव्हा सोय आधीच करावी. खिडकी समोर येईल अशी जागा धरावी, नाहीतर खिडकीला जाडसा पडदा लावावा. तुळशीला ही अडचण नाही. गॅलरीतली तुळस बाहेर ओणवली असेल तर दोन-तीन दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवा. आणि शेंडे, मंजिऱ्या खुडत जा. शेंड्यातलं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून धरतं. शेंडा गेला की ते फुटतात आणि तुळस डेरेदार होते.

शेवगावच्या भगिनीने हे पान सासूबाईंना जरूर वाचून दाखवावं. शेजारीणबाई बसलेल्या असताना दाखवलं तर फारच छान.