परसातली कळलावी ओळखावी कशी?

पाऊस ऐन भरात आला की गडग्याच्या कडेने, कुंपणाच्या काटेरीतून लालपिवळ्या ज्वाळा डोके वर काढू लागतात. ही आपली कळलावी. कोणी तिला खड्यानाग म्हणतात, कोणी अग्निशिखा. कोकणात गौरीच्या पूजेत हिची फुले मानाने वाहतात. आता रोपवाटिकेतही ‘ग्लोरी लिली’ या नावाने तिची कुंडी मिळते आणि मुलीबाळी हौसेने घेऊन येतात. हौसेला माझी ना नाही. पण हिची ओळख पक्की नसेल तर ती जिवावर बेतते, म्हणून आजचा लेख तिच्यावर.

गोष्ट आमच्याच घरची. कार्तिकात आमच्याकडे कणगरं खणायला काढली होती. नव्या सूनबाईने उत्साहाने गडग्याच्या कडेपर्यंत खणले आणि टोपली भरून चुलीपाशी आणून ठेवली. आमच्या आत्याबाई ऐंशीच्या घरात, नजर अधू झालेली. कणगरं धुता धुता एक लांबट तुकडा हाताला लागला तशा थांबल्या आणि म्हणाल्या, “अगो, हा नांगर कोणी आणला?” आम्ही पाहिले, तर बोटाएवढे जाड दोन कंद एका टोकाला जुळलेले, बरोबर नांगराच्या आकाराचे. सगळी टोपली अंगणात ओतली, तेव्हा आणखी दोन तुकडे निघाले. ती कणगरं तशीच शिजली असती तर काय झाले असते, त्याचा विचार अजूनही नको वाटतो.

संस्कृतात कळलावीला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. जुन्या लोकांनी नावातच खूण ठेवली, आपण ती विसरलो.

वेल हिरवा असेल तर ओळख सोपी. कणगराचे पान पिंपळासारखे हृदयाच्या आकाराचे, त्याला लांब देठ, शिरांची जाळी, आणि वेलाच्या बुडाशी काटे. करांद्याला तर पानाच्या बगलेत हवेतच कंद धरतात. कळलावीचे पान लांबट भाल्यासारखे, देठ जवळजवळ नाहीच, शिरा लांबीला समांतर. मुख्य खूण टोकाची: पानाचे टोकच दोऱ्यासारखे वळते आणि शेजारच्या फांदीला विळखा घालते. आपल्या परसातल्या कोणत्याही कंदवेलाचे पान असे करीत नाही.

अडचण येते ती पाऊस सरल्यावर. कळलावीचा वेल वाळून नाहीसा होतो आणि कंद जमिनीत झोपी जातो. तेव्हा हातात फक्त कंद असतो. तो गुळगुळीत, गोल, आतून पांढरा, कोनात वळलेला किंवा दुफाट्याचा असतो. डोळा फक्त टोकाला, मध्ये कुठेही नाही. रताळे कापले की पांढरा चीक येतो, याला येत नाही. कणगराचे कंद बटाट्यासारखे आखूड, घोसाने येतात. तरीही शंका राहिली तर चाखून पाहू नका, सरळ पुरून टाका. एका कंदापायी कोणी उपाशी मरत नाही.

शिजवले की विष उतरते, असा एक समज आहे. इथे तो चालत नाही. कळलावीत कोल्चिसीन असते आणि ते उकळून जात नाही. गाठीवाताच्या औषधात हेच द्रव्य अगदी मोजून देतात. तमिळनाडूत त्यासाठी बियांकरिता कळलावीची शेतीच करतात, आणि परागीकरण मजूर हाताने करतात, कारण फुलातला स्त्रीकेसराचा दांडा काटकोनात बाजूला वळलेला असतो. ही वळणसुद्धा ओळखीची खूण आहे. बियांत विष कंदापेक्षाही जास्त. शेंग तडकली की आतले तांबडे दाणे चमकतात आणि पोरांचा हात तिकडेच जातो. म्हणून घराजवळ वेल असेल तर शेंगा हिरव्या असतानाच तोडाव्या.

आता रोपवाटिकेतल्या प्रकारांविषयी. रानातल्या कळलावीच्या पाकळ्या अरुंद, कडा लाटेसारख्या चुणीदार. फूल उमलताना हिरवट पिवळे असते, मग खालून पिवळे वरून लाल, आणि शेवटी सगळेच गडद लाल. ‘रॉथ्सचाइल्डियाना’ नावाने मिळते तिचे फूल मोठे, पाकळी रुंद, चुण्या कमी, रंग लाल आणि कडेला पिवळी किनार. ‘ल्युटिआ’ शेवटपर्यंत पिवळीच राहते. पण पहिल्याच दिवशीचे पिवळे फूल पाहून ल्युटिआ म्हणून जास्त पैसे मोजू नका. तेच फूल चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहा, लाल चढला तर ती आपली गडग्यावरचीच. वनस्पतिशास्त्रज्ञ आता या सगळ्यांना एकाच जातीत, ग्लोरिओसा सुपर्बात, धरतात. लिली म्हणतात खरे, पण ती लिलीच्या कुळातलीही नाही. विष मात्र तिघींतही आहे.

गावठी नावांवर तर मुळीच विसंबू नये. कळलावीला काही ठिकाणी वाघनखी म्हणतात, आणि विंचवाच्या नांगीसारखे फळ धरणारे दुसरेच झुडूपही वाघनखीच. काही भागांत हिलाच बचनाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, निळ्या फुलांचा, तोही जहाल विषारी. औषध म्हणून कोणी नुसते नाव सांगितले तर ते घेऊ नये.

कळ लावते ती कळलावी. अडलेल्या बाळंतिणीच्या पोटाला किंवा तळव्याला हिच्या कंदाचा लेप लावायची पद्धत होती. आत्याबाईंनी स्वतः पाहिलेली. त्याच सांगतात, “पोरी, ते दिवस गेले, ते जाऊ देत.” गरोदर बाईने हा कंद हाताळूही नये.

चुकून कोणाच्या पोटात गेलाच, तर घशाशी आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब काही तासांत सुरू होतात. मध्ये थोडे बरे वाटले तरी घरी थांबू नका, मूत्रपिंड आणि हृदयावरचा घाला नंतर येतो. मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ला फोन करा आणि उरलेला कंद किंवा पान डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

आमच्या गडग्यावरची कळलावी मी उपटली नाही. गौरीला फुले लागतात. फक्त तिच्या बुडाशी चुना लावलेले चार दगड मांडून ठेवले आहेत, आणि कणगरं आता विहिरीपलीकडच्या वाफ्यात लावतो. सूनबाई खणताना अजून मला हाक मारते, “आत्ये, हे बघा हो जरा,” असे म्हणते. मी आत्याबाईंना हाक मारते.