विकतचे पर्यावरण

आपल्या शाळांतून पर्यावरण शिकवले जाते, असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. ते साफ खोटे आहे. शाळांतून शिकवली जाते ती पर्यावरणाची वही. तिला हिरवा कागद चढवायचा, आत वाघाचे आणि धुराड्याचे चित्र डकवायचे, खाली 'झाडे लावा' लिहायचे. हा सारा ऐवज आता दुकानात तयार मिळतो, प्रकल्प म्हणून सादर होतो आणि त्याला गुणही पडतात. चकली-अनारसे विकत आणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. घरच्या माणसांना उसंत नसते. पण शोधच विकत आणला, तर तो लावला कोणी?

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले. हेतू थोर होता. परंतु आपल्याकडे सक्तीचा झालेला विषय पाठांतराच्या घाण्याला जुंपला जातो. 'गवत, हरीण, सिंह' ही अन्नसाखळी आमच्या जव्हार-मोखाड्याची मुलेही घोकतात. सह्याद्रीच्या या माथ्यावर सिंह कोणी पाहिला? भाताच्या खाचरातला खेकडा, त्याच्यावर टपलेला बगळा, आणि पहिल्या पावसाच्या रात्री खेकडे धरायला निघालेला स्वतःचा बाप, ही साखळी मुलाला तोंडपाठ आहे. परीक्षेत मात्र ती चूक ठरते.

मी मॅट्रिक झालेला मास्तर, शास्त्रज्ञ नव्हे. पण पाऊस मोजायला पदवी लागत नाही. सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. हवामानखात्याचीही वेळ तीच. एक डबा रुंद तोंडाचा ठेवा, दुसरा अरुंद. दोन्हींत पाण्याची उंची सारखीच भरते हे पाहून मुले चक्रावतात, भांडतात, आणि मग 'मिलिमीटर' म्हणजे काय ते त्यांना कधी विसरत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्याकडे वर्षाला अडीच हजारांहून अधिक मिलिमीटर कोसळतो. तीस चौरस मीटरच्या छपरावर पंचाहत्तर हजार लिटर झाले. दहा हजारी टँकर धरले तर साडेसात. आणि त्याच छपराखालची बाई चैत्र-वैशाखात हंडा घेऊन मैलभर चालते! हे पाणी गेले कोठे? काळा कातळ, उभा उतार, वर मातीचा पातळ थर. गवताच्या उतारावरून गढूळ पाणी किती येते आणि उघड्या उतारावरून किती, हे दोन बाटल्या भरून सातवीचे पोर दाखवू शकते. ज्या प्रश्नाने त्याच्या आईची मान मोडते, तो प्रश्न त्याच्या पुस्तकात नसावा?

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "गुरुजी, वर्ग रिकामा कसा?" मुले झऱ्यावर होती, घागर किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजत होती. दिवाळीतला वेळ आणि शिमग्यातला वेळ यांची वजाबाकी करायची होती. साहेबांनी शेऱ्यात लिहिले : 'अध्यापन बंद आढळले.'

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा. ते म्हणतात, आदिवासी मुलाला रानातले सगळे ठाऊकच असते, त्याला इंग्रजी आणि संगणक शिकवा. दोन्ही जरूर शिकवा. परंतु ठाऊक असणे वेगळे, तपासणे वेगळे. पहिल्या सरींबरोबर शेवळ्याचा कोंब वर येतो, पान मागाहून फुटते. भाजीत काकडाचे आंबट फळ पडले नाही तर घसा खाजतो. हे वारल्याच्या, कोकण्याच्या पोरीला आजीकडून कळलेले असते. पण ज्याला आपण कोंब म्हणतो तो फुलोरा; तोच खुडला तर बी कोठून धरणार? नुसत्या कंदावर झाड किती वर्षे निभावेल? रानाचा एक तुकडा दोरीने आखून दरसाल शेवळी मोजली, तरच सांगता येईल. शेवळ्यांच्या जुड्या ठाण्या-मुंबईच्या बाजारात चवीने विकत घेणाऱ्यांनाही हे उत्तर हवेच असले पाहिजे. राबाचेही तसेच. १८८५ ते १८८७ या काळात सरकारच्या फॉरेस्ट कमिशनने ठाणे-कुलाब्यातल्या राबाचा खल केला. शाळेमागे दोन वाफे करावेत, एक भाजलेला, एक न भाजलेला; तण आणि रोपे मोजावीत. आजीचे म्हणणे खरे ठरेल वा खोटे, दोन्हींत तिचा अपमान नाही. तिचे ज्ञान देव्हाऱ्यात बसवून गंधफूल वाहणे हाच खरा अपमान.

यात माझे नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. कोसबाड आमच्याच पालघर जिल्ह्यात आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने तर पुढचे सुचवले : मुलांनी परिसराची खरी माहिती गोळा करावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी. म्हणजे पोराची वही गावाच्या उपयोगी पडावी. आम्ही ती वही मार्च संपताच रद्दीत घालतो.

धोक्याचेही ऐकले. ओढ्यावर साप असतात, मुले बुडतात. अहो, तीच मुले शाळा सुटल्यावर त्याच ओढ्यात मासे धरतात. मास्तर बरोबर असला की मात्र ओढा धोक्याचा होतो!

मुंबईकर वाचकहो, २०१४ साली पुरे झालेले मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. आज अभ्यंगाला तुम्ही जो नळ सोडला असेल, त्यात आमच्या डोंगरावरचा पाऊस असू शकतो. तो मोजणाऱ्या मुलासाठी नवे खाते नको, नवे अनुदान नको. मूल्यमापनाच्या तक्त्यात प्रकल्पाचा रकाना आहेच. येत्या जूनपासून त्यात दुकानच्या वहीला शून्य आणि डब्यातल्या पाण्याच्या आकड्यांना गुण द्यावेत, एवढेच मुख्याध्यापकांकडे मागणे आहे. पट्टी आणि डबा आम्ही आणू.