कूर्माचे स्थैर्य

आज महाशिवरात्र. वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराच्या दर्शनास पहाटेपासूनच भाविकांची रीघ लागेल. महाराष्ट्रातील बहुतेक शिवालयांत नंदीचे दर्शन घेऊन गाभाऱ्याकडे जाताना भूमीवर कोरलेले कासव लागते. आपण त्यास हात जोडतो आणि रांगेबरोबर पुढे सरकतो. वास्तविक तेथे क्षणभर थांबावयास हवे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्थितप्रज्ञास उपमा दिली आहे ती या कासवाचीच. कासव आपले अवयव आवरून घेते, तद्वत ज्ञानी पुरुष इंद्रिये विषयांपासून आवरतो. परंतु आवरणे म्हणजे पलायन नव्हे. संकट सरताच तेच पाय बाहेर काढून कासव आपली वाट चालू लागते. शिवाय त्याचे कवच हे बाहेरून पांघरलेले चिलखत नाही. पाठीचा कणा आणि फासळ्या यांच्याशी ते एकजीव झालेले असते.

हीच गोष्ट जवळच्या कैलास लेण्यात पाषाणातून प्रकट झाली आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे देवालय एकाच कातळातून, कळसापासून पायाकडे कोरीत आणले गेले. जोत्यावरील हत्ती ते पाठीवर तोलून उभे आहेत, असे पाहणाऱ्यास वाटते. कित्येकांच्या सोंडा आज भंगल्या आहेत. तरीही देवालय अढळ आहे, कारण हत्ती, देवालय आणि भूमी हा एकच अखंड पाषाण आहे.

मनुष्याचे स्थैर्यही असेच अंगभूत असावे लागते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य स्त्रीपुरुषांनी खडी फोडून संसार तगविले. काम सरकारने दिले. धीर मात्र ज्याचा त्यानेच धरला. आजही घराचा भार मुकाट्याने वाहणारी माता वा आजी कळसासारखी दुरून दिसत नाही. ती जोत्यातील हत्तीप्रमाणे खाली उभी असते. तिचा भार थोडा आपणही उचलणे, ही शिवपूजाच होय.

आजचा उपवास हे एका दिवसाचे संयमन आहे. उद्या पारणे फिटल्यावर घरात कठोर शब्द ओठांवर आला आणि तो आपण आवरू शकलो, तर गाभाऱ्यापुढील ते कासव आपल्यासवे घरी आले, असे खुशाल समजावे.