सामायिक विहीर आणि दोन मोटारी

क्लाउडवर डेटाबेसचं क्लस्टर करायचं म्हटलं की आपल्याकडचे कन्सल्टंट एकच चित्र काढतात. दोन नोड, मध्ये एक शेअर्ड डिस्क, खाली 'हाय अव्हेलेबिलिटी'. झालं! सातारा-सांगलीत शाखा असलेल्या एका पतसंस्थेचं (नाव नको) असंच कोटेशन माझ्या पाहण्यात आलं. त्यात डेटाबेस होता पोस्टग्रेस. माझं स्पष्ट मत, हे चित्र विकणं बंद करा.

सामायिक विहीर आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन भावांच्या दोन मोटारी, एक जळाली तरी दुसरी चालते. पण विहीरच आटली तर? अॅमेझॉनच्या ईबीएस मल्टी-अॅटॅचमध्ये (2020 साली आलं) एक व्हॉल्यूम 16 मशिन्सना जोडता येतो, पण सगळी एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये हवीत. झोन गेला की दोन्ही नोड गेले. मुंबईत तीन झोन आहेत, आणि आपण पैसे मोजून एकातच अडकायचं!

बरं, सामायिक विहिरीला पाळ्या ठरवाव्या लागतात. इथे ते काम क्लस्टर फाइल सिस्टिम आणि फेन्सिंगचं. साधी एक्सएफएस टाकून दोन्हीकडून माउंट केलं, तर प्रत्येक नोडला वाटतं डिस्क आपल्या एकट्याचीच. मग डेटाची वाट लागते. पोस्टग्रेसचे दोन सर्व्हर तर एकाच डेटावर एकदम चालतच नाहीत. म्हणजे दुसरा नोड नुसता बसून राहणार.

शेअर्ड डिस्क टाकाऊ आहे असं नाही. ओरॅकल रॅक त्यावरच उभं आहे. एसक्यूएल सर्व्हरचं फेलओव्हर क्लस्टरही त्यावर चालतं. अझुरच्या झोन-रिडंडंट डिस्कच्या प्रती तीन झोनमध्ये असतात, मात्र तिथे प्रत्येक राइटला थोडा जास्त वेळ लागतो. तुमचं सॉफ्टवेअर यातलं असेल तर जरूर घ्या. पण पोस्टग्रेसमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन 2010 पासून आहे. दोन झोन, दोन स्वतंत्र डिस्क, पैशाचा व्यवहार म्हणून सिंक्रोनस कमिट. (चुकून डिलीट मारलं तर ते दुसरीकडेही पोचतं, त्यामुळे बॅकअप वेगळा हवाच.)

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. अशा वेळी तळमजल्यावर एकाऐवजी दोन सर्व्हर असून काय उपयोग? दोन्ही बुडणार. दुसरी प्रत साताऱ्यात असेल तर गोष्ट वेगळी. क्लाउडवर गेलो म्हणून हा हिशोब बदलत नाही.

रोज शंभर रुपये पिग्मी भरणाऱ्याला नोड किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. त्याचं पासबुक बरोबर हवं. तेव्हा पुढच्या कोटेशनवर एवढंच विचारा, "मोटारी राहू द्या, विहिरी किती?"