एक-चौदाच्या उताऱ्यापलीकडची जमीन

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर. त्यातून वने, अभयारण्ये, नद्या, खाजने आणि डोंगरउतार वजा केले की वस्तीसाठी उरणारी जमीन थोडीच राहते. या थोडक्या जमिनीवर आज देशभरातील खरेदीदारांची नजर आहे. बार्देशच्या किनारी गावांत ही मागणी जुनीच होती. 2023 च्या जानेवारीत मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि ती पेडण्याच्या अंतर्भागातही पोहोचली. भूरूपांतरावरून विधानसभेत आणि न्यायालयात जे वाद झडतात, त्यांचे पडसाद आधी उमटतात ते म्हापसा, मडगाव किंवा पेडण्यातील जमीन-मध्यस्थाच्या टेबलावर.

लोकांच्या विश्वासाला उतरलेला जुना मध्यस्थ भावाची गोष्ट सर्वांत शेवटी काढतो. आधी तो तीन गोष्टी विचारतो. जमिनीचे हक्कदार नेमके किती? तिच्यावर आज कोण राहते वा कोण कसते? आणि आराखड्यात तिचा झोन कोणता? भाव एका बैठकीत ठरतो. या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली, तर त्याची किंमत पुढची पिढी मोजते. राज्यात जमिनीवरून सध्या जी अस्वस्थता आहे, तिचे मूळही बहुतांशी याच तीन प्रश्नांत आहे.

उताऱ्यावर एक, वारस अनेक

‘एक-चौदा’चा उतारा हाती आला की मालकी सिद्ध झाली, असा समज सर्रास आढळतो. भू-महसूल संहितेनुसार उताऱ्यातील नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंतच. मालकीचा खरा माग विक्रीखत, बक्षीसपत्र, इन्व्हेंटरीतील वाटणी आणि पोर्तुगीज काळातील जमीन-नोंदणीचे दाखले यांतून काढावा लागतो. अनेक घरांत उताऱ्यावर आजही आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते. ते नाव एकच दिसले, तरी त्यामागे दहा-पंधरा वारस उभे असू शकतात.

गोव्याच्या नागरी कायद्यामुळे हा गुंता अधिकच वाढतो. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. त्यामुळे विक्रीखतावर भावांच्या सह्या असून भागत नाही. बहिणी, मेहुणे आणि भावजया यांच्याही सह्या लागतात. बाहेरच्या राज्यातून आलेल्या खरेदीदाराला याची कल्पना नसते. घाईने विकायला निघालेला एखादा वारस ती देतही नाही. पुढे मुंबईत वा लंडनमध्ये स्थायिक झालेली एखादी बहीण दावा दाखल करते आणि बांधकाम जोत्यावरच थांबते.

परदेशातील वारसांच्या वतीने मुखत्यारपत्रावर व्यवहार होतात. ते बेकायदेशीर नाही. मात्र मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे ना, ही पहिली खातरजमा हवी, कारण सर्वसाधारणपणे तिच्या मृत्यूबरोबर अधिकारही संपतो. केवळ मुखत्यारपत्र हाती आल्याने जमीन आपली होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत विक्रीखताला पर्याय नाही.

या ढिलाईचा फायदा कोणी घेतला, हेही गोव्याने पाहिले आहे. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी हडप केल्याच्या तक्रारी वाढल्यावर 2022 मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक स्थापन करावे लागले आणि निवृत्त न्यायाधीश व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमावा लागला. मालक वारले आहेत, वारस परदेशी आहेत आणि कागदांकडे कोणाचे लक्ष नाही, अशाच जमिनी प्रामुख्याने या टोळ्यांच्या नजरेत भरल्या. ज्यांना जमीन विकायची नाही, त्यांनीही अधूनमधून उतारा काढून नावे तपासावीत, हा मध्यस्थांचा सल्ला म्हणूनच मोलाचा आहे.

जमिनीवर कोण आहे?

दुसरा प्रश्न कागदावर कमी आणि जागेवर अधिक दिसतो. गोव्यात जमिनीचा मालक भाटकार असला, तरी तिच्यावर कुळाचा किंवा मुंडकाराचा हक्क असू शकतो. 1964 चा कूळ कायदा आणि त्याची 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. 1975 च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्यांना बेदखलीपासून संरक्षण आणि घराखालील जागा विकत घेण्याचा हक्क दिला. जमीन विकली गेली म्हणून हे हक्क संपत नाहीत. नव्या मालकाला ते मान्य करूनच जमीन घ्यावी लागते.

म्हणून उताऱ्यातील कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना मालकाच्या नावाइतकाच काळजीपूर्वक वाचायला हवा. तो कोरा असला तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण अनेक मुंडकारांची नोंदणी आजवर झालेली नाही. जागेवर जावे, भाटात घर असेल तर तिथल्या माणसांशी बोलावे, वीजबिल आणि घरपट्टी कोणाच्या नावे आहे ते पाहावे. शेजाऱ्यांशी अर्धा तास बोलल्यावर जे कळते, ते कित्येकदा महिनाभर कागद चाळूनही कळत नाही.

हे न केल्यास काय घडते, याचे उदाहरण जून 2024 मध्ये आसगावात दिसले. जागेवर मालकीचा दावा एकाचा आणि वास्तव्य दुसऱ्याचे, अशा वादात बाऊन्सर आणून राहत्या घराचा काही भाग जेसीबीने पाडण्यात आला. सारा गोवा त्या घटनेने ढवळून निघाला. तो केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नव्हता. जमिनीवरची माणसे गृहीत धरून तिची किंमत ठरवली गेली की संघर्ष अटळ असतो.

भातशेतीबाबत तर कायदा अधिक कडक आहे. कूळ कायद्याने कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास 1991 पासून मनाई आहे. शेतकरी नसलेल्यांना भातशेतीची जमीन विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध घातले. तरीही ‘पुढेमागे काहीतरी होईल’ या भरवशावर शेते दाखवली जातात, इसाऱ्याची रक्कम घेतली जाते. ती परत मिळवण्यासाठी खरेदीदाराला मग वर्षे घालवावी लागतात.

आशेचा भाव

तिसरा प्रश्न झोनचा. आज सर्वाधिक गैरसमज आणि सर्वाधिक पैसाही इथेच गुंतला आहे. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये कोणती जमीन वस्तीसाठी, कोणती बागायतीची आणि कोणती ना-विकास क्षेत्रात, हे निश्चित झाले. त्याआधीचा 2011 चा आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे 2007 मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला होता. म्हणजे गोव्यात आराखडा ही केवळ नगरनियोजन खात्याची बाब कधीच नव्हती. गावांनी त्यासाठी रस्त्यावर उतरून लढा दिला आहे.

नंतरच्या काळात मात्र नगरनियोजन कायद्यात एकेक दुरुस्ती होत गेली. 2018 मध्ये 16-ब कलम आले, 2023 मध्ये 17(2) आणि 2024 मध्ये 39-अ. आराखड्यातील नजरचुकीने राहिलेल्या त्रुटी दुरुस्त करणे, हा 17(2) चा सांगितलेला हेतू होता. प्रत्यक्षात स्वतंत्र सर्व्हे क्रमांकांचे झोन त्याखाली बदलले गेले. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्दबातल ठरवले. 39-अ खाली हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत आहे. पण राजपत्रातील सूचना गावातल्या किती जणांच्या नजरेस पडते, हा प्रश्न उरतोच.

बाजारावर याचा जो परिणाम झाला, तो मध्यस्थांना रोज दिसतो. जमीन आज तिच्या सद्यःस्थितीवर विकली जात नाही, उद्या झोन बदलेल या आशेवर विकली जाते. बागायतीची जमीन मूळ मालक बागायतीच्या भावाने देतो. मधला गुंतवणूकदार ती ‘लवकरच सेटलमेंट’ म्हणून अनेक पटींनी पुढे विकतो. झोन बदलला तर नफा मधल्याचा. बदल न्यायालयात टिकला नाही तर नुकसान शेवटच्या खरेदीदाराचे. दोन्ही वेळा मूळ गावकऱ्याच्या हाती आलेले असते ते पहिल्या व्यवहारातले थोडके पैसे. खरेदीदाराने म्हणूनच झोनचा दाखला आजच्या तारखेचा मागावा. ‘फाइल वर गेली आहे’ हे उत्तर म्हणजे नकार समजावा. भूरूपांतराची सनद हाती नसेल, तर बांधकामाचा भाव देऊ नये.

जमीन पाहावी पावसाळ्यात

काही गोष्टी मात्र कोणत्याही दाखल्यात सापडत नाहीत. जमीन जुलैत एकदा आणि मे महिन्यात पुन्हा पाहावी, असे जाणते सांगतात. पावसाळ्यात पाणी कुठून येते आणि कुठे साचते ते दिसते. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. भराव टाकून सपाट केलेला सखल भाग डिसेंबरात देखणा वाटतो, पहिल्या मोठ्या पावसात तो आपली जुनी ओळख दाखवतो. टेकडी कापणे आणि सखल जमीन भरणे यांसाठी नगरनियोजन कायद्याच्या 17-अ कलमाखाली पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर दोष नव्या मालकाच्या गळ्यात येतो. वाटेचेही तसेच. गाडी आज शेजाऱ्याच्या भाटातून जाते म्हणून उद्याही जाईल असे नाही. वाट नकाशावर आहे की केवळ शेजारधर्मावर, हे आधी पाहावे.

सदनिका घेणाऱ्यांसाठी 2016 च्या रेरा कायद्याने काही आधार दिले आहेत. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. लेखी करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. अशा प्रकल्पांतील विक्री करणाऱ्या मध्यस्थालाही नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो विचारण्यात संकोच नको. प्रामाणिक मध्यस्थ तो स्वतःहून सांगतो. दलालीची टक्केवारी आणि ती कोण देणार, हेही आधी लेखी ठरलेले बरे. एका व्यवहारात चार-पाच मध्यस्थांची साखळी असेल, तर प्रत्येकाचा वाटा शेवटी किमतीतच मिसळलेला असतो.

चवथीची बैठक

2011 च्या जनगणनेत गोव्यातील जवळपास पाचातले एक घर रिकामे आढळले होते. एका बाजूला बंद घरे, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या गावात घर घेणे न परवडणारी तरुण पिढी, अशी ही विसंगती आहे. ती कायद्याने एका दिवसात सुटणार नाही. मात्र ज्या कुटुंबांकडे अजून थोडी जमीन आहे, त्यांच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे: कागद नीट ठेवणे. वारसांची नोंद झालेली, वाटणी स्पष्ट असलेली जमीन हडपणे कठीण जाते आणि गरज पडल्यास तिला योग्य भावही मिळतो. कागदांचा घोळ असलेली जमीन नेहमी स्वस्तात जाते, आणि तो घोळ सोडवण्याची ताकद असलेल्यांकडेच जाते.

गोव्याबाहेर गेलेली भावंडे वर्षातून एकदा, चवथीला, मूळ घरी एकत्र येतात. वारसाहक्काचा दस्त करायचा की इन्व्हेंटरीसाठी न्यायालयात जायचे, कोणता भाग कोणी सांभाळायचा, मुंडकाराचे घर त्याच्या नावे कधी करून द्यायचे, या गोष्टी ठरवायला याहून सोयीची वेळ नाही. फोनवर वर्षभर लांबणारे बोलणे एका दुपारी संपते. उपनिबंधक कार्यालयातील सह्या सुटी संपण्यापूर्वी उरकल्या, तर पुढच्या वर्षी दारात थांबणाऱ्या अनोळखी गाडीला काय उत्तर द्यायचे, हे घरातील सर्वांना ठाऊक असेल.