वेस राखा, वेसकरही नोंदवा

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या गावांत कुठे कुठे वेस अजून उभी आहे. कुठे नुसती कमान, कुठे तिला लागून देवड्या. शिवनेरीला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं कवच आहे, गावच्या वेशीला सहसा कुणी वाली नसतो. राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली तिला संरक्षण मिळावं, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. पण राखायचं म्हणजे नेमकं काय? कमान बांधता येते, पाडताही येते. वेशीला वेसपण येत होतं ते तिच्या राखणीमुळे. ती राखण वेसकराकडे असे आणि वेसकरकी महार वतनाचा भाग होती. ज्याच्या हाती गावाचं दार, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. हे वतन म्हणजे वेठच, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. संरक्षित वेशीपुढच्या फलकावर राजवट आणि शतक लिहून हा इतिहास गाळला, तर आपण दगड राखला आणि साक्ष पुसली असं होईल.

यावर कुणी म्हणेल, अपमानाची खूण जपायचीच कशाला? कारण वेस पाडल्याने गावकूस मनातून जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: उसाची ट्रॉली कमानीतून जात नाही आणि संरक्षण आलं की शेजारच्यांची घरबांधणी अडते. ही भीती खोटी नाही. शंभर मीटरांची बांधकामबंदी केंद्रीय स्मारकांसाठी आहे; दाट गावठाणातल्या वेशीला तोच गज लावू नये. रस्ता मात्र वळवता येतो. काही काळ जुन्नरहून निजामशाहीचा कारभार हाकणाऱ्या मलिक अंबरने १६१२च्या सुमारास बांधलेला भडकल दरवाजा छत्रपती संभाजीनगरात भर रहदारीत उभा आहेच. शहराला जे जमतं ते गावाला का जमू नये?

आंबेगाव तालुक्याला नाव देणारं गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मूळ गाव पुन्हा पाहता येणार नाही. वेशी अजून पाहता येतात. ग्रामसभांनी संरक्षणाचा ठराव करावा आणि फलकाचा मजकूरही त्याच बैठकीत ठरवावा. त्यात वेस कुणी बांधली याच्या शेजारी ती कुणी राखली, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात असावं.